टीचरांचा शनिवार

रविवार, १ जून २०२५

मे महिन्यातली व्हीबीएस आटोपली, पताका उतरल्या आणि आज नेहमीचा रविवार सुरू झाला. सुट्टीतल्या बायबल शाळेत शिकवायला, गाणी घ्यायला, सरबत वाटायला तरुणांची रीघ लागते. आज वर्गावर एकच मुलगी होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. समोर बालवाडीपासून आठवीपर्यंतची सगळी पोरं, एकाच पत्र्याच्या खोलीत. छोटी रडत होती, मोठी खिडकीबाहेर बघत होती आणि ती मधल्यांना योसेफाची गोष्ट सांगत होती. मनापासून सांगत होती. पण चार वर्षांच्या मुलाशी कसं बोलावं आणि तेरा वर्षांच्या मुलाशी कसं, हे तिला कुणी कधी दाखवलेलं नाही. ‘तुझा आवाज चांगला आहे, तू घे वर्ग’ एवढ्यावर आपल्या मंडळ्यांत टीचर नेमल्या जातात.

पाळक होणाऱ्याला आपण सेमिनरीत पाठवतो. पेटी वाजवणारा कुणाच्या तरी हाताखाली बसून शिकलेला असतो. ज्यांच्या हवाली आपली लेकरं करतो त्यांना मात्र एक पुस्तक आणि खोलीची किल्ली देऊन मोकळे होतो. हे बदललं पाहिजे.

आमच्या बजाजनगरात तर हे काम आणखीच जोखमीचं. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने आले आणि नेवासा, शेवगाव, गंगापूर, वैजापूर, जालना, बीड अशा सगळीकडून माणसं पोटासाठी इथं आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबंही आली. गावाकडे मंडळी म्हणजे सगळा गोतावळा. आजी, मामा, चुलते एका ओळीत बसलेले. इथं आईबाप शिफ्टमध्ये. कितीतरी मुलं रविवारी धाकट्या भावंडाचा हात धरून एकटीच येतात. घाई नसलेलं, आपलं ऐकून घेणारं मोठं माणूस त्यांना आठवड्यातून एकदाच भेटतं, आणि ते म्हणजे त्यांची टीचर.

उपासनेनंतर आसपासच्या मंडळ्यांतल्या ओळखीच्या टीचरांना फोन केले. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी बसायचं ठरलं.

शनिवार, ७ जून

आज बकरी ईदची सुट्टी, त्यामुळे कॉलेजच्या मुली वेळेआधीच हजर. सीएनआय, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, मुक्तिफौजेत वाढलेली, अशी सगळी माणसं एका सतरंजीवर बसली. लेथवर काम करणारे एक भाऊ, एक नर्सताई, घर सांभाळणाऱ्या दोघी, इंग्रजी शाळेतल्या एक मिस आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी.

गुरुजींनी सुरुवातीलाच तीन नियम घालून दिले. इथं सांगितलेलं बाहेर जाणार नाही. मुलांची नावं घ्यायची नाहीत. आणि कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. मग एकेकानं सांगायचं: गेल्या महिन्यात वर्गात काय जमलं आणि कुठं अडलं.

भाऊ म्हणाले, “शनिवारी नाईट असली की सकाळी सातला सुटतो. आंघोळ करून नऊला वर्गावर. गोष्ट सांगता सांगता डोळे मिटायला लागतात.” पण वर्ग सोडायचा विचार त्यांच्या मनात नाही. लहानपणी गावात त्यांच्या टीचर शेतातून थेट यायच्या, पायाला चिखल असायचा, आणि आपण आज मंडळीत आहोत ते त्यांच्यामुळे, असं ते म्हणाले.

नर्सताईंकडे बाराच्या पुढची मुलं आत यायला तयार नाहीत; बाहेर गाड्यांवर बसून मोबाइल बघतात. एका ताईंच्या वर्गातली मुलं इंग्रजी शाळेतली. मराठी शास्त्र वाचताना अडखळतात, मग लाजून गप्प होतात. त्यांनी त्यावर उपाय काढलाय: सुवर्णवचन आधी त्या स्वतः वाचतात, मग सगळे मिळून, आणि एकट्यानं वाचायची पाळी शेवटी, तीही ज्याला वाटेल त्यालाच. कॅथलिक मंडळीतल्या ताईंकडे पहिल्या कम्युनियनच्या तयारीचा क्रम आखलेला असतो, इयत्तेप्रमाणे धर्मशिक्षण असतं. पुढच्या वेळी त्या पुस्तकं आणणार आहेत.

इतकी वर्षं शिकवणाऱ्या या माणसांना ‘तुम्हाला काय अडतं?’ असं आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं. एक ताई बोलता बोलता रडल्या. कुणी समजूत काढली नाही, कुणी उपदेश केला नाही. शेजारचीनं पाठीवर हात ठेवला आणि त्यांचं बोलून होईपर्यंत सगळे थांबले.

शनिवार, १४ जून

आज गुरुजींचा पाठ: कोणत्या वयाला काय द्यावं. सोमवारी शाळा उघडतात, त्याआधी गट पाडून घ्यायचे होते.

त्यांनी विचारलं, “येशू जगाचा प्रकाश आहे, हे पाच वर्षांच्या पोराला कसं सांगाल?” आम्ही एकेक वाक्य सांगितलं. गुरुजी म्हणाले, “त्याला बल्ब दिसतो. तुम्ही बोलताय रूपकात, तो बघतोय वर छताकडे.” इंग्लंडमध्ये रोनाल्ड गोल्डमन या अभ्यासकांनी मुलांना जळत्या झुडपाची, तांबड्या समुद्राची गोष्ट सांगून प्रश्न विचारले होते, तो अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलं गोष्ट जशीच्या तशी घेतात, आतला अर्थ हाती यायला किशोरवय उजाडावं लागतं, असं त्यांना आढळलं. गोल्डमन यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण वर्गात रोज उभं राहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

मग आम्ही तीन गट केले. चार ते सहा वर्षं: एक छोटी गोष्ट, हातात धरता येईल अशी वस्तू, हालचाल, गाणं, आणि गोष्टीतून एकच भावना: देव माझ्यावर प्रेम करतो. सात ते दहा: या मुलांना माहितीची भूक असते. नकाशा, क्रम, कोण कुणाचा मुलगा, किती दिवस, किती माणसं. पाठांतर याच वयात आनंदानं होतं. अकरा ते चौदा: यांना प्रश्न हवेत. दाविदानं चूक केली तरी देवानं त्याला टाकलं नाही, यावर ती तासभर बोलतील, फक्त बोलू दिलं पाहिजे.

खोली एकच आहे, त्याचं काय? त्यावरही तोड निघाली. सगळ्यांची गाणी आणि प्रार्थना एकत्र, मग छोटी जिन्याखाली, मोठी गच्चीवर, मधली खोलीत. पाऊस आला तर गच्चीवरच्यांनी पाळकसाहेबांच्या ओसरीत जायचं. पाळकबाईंनी लगेच होकार दिला.

रविवार, २२ जून

एकमेकांच्या वर्गात मागे बसायचं असं ठरलंय. पाहुणीनं वर्ग संपल्यावर दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि एक प्रश्न विचारायचा. आज मी त्या बी.एस्सी.वाल्या मुलीच्या वर्गात बसले.

गोष्ट जक्कयाची. तिनं मुलांना सरळ बाहेर नेलं, कंपाउंडजवळच्या उंबराखाली. गावाकडे उंबर बघितलेली पोरं लगेच बोलू लागली: फांद्या खाली असतात, चढायला सोपं, मुंग्या फार. मग तिनं विचारलं, “एवढा श्रीमंत माणूस झाडावर का चढला असेल?” आणि ती थांबली.

गेल्या शनिवारी मिसनी आम्हाला हेच सांगितलं होतं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलंही बोलतात. आज ते डोळ्यांनी पाहिलं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “त्याच्याशी कुणी बोलत नसेल, म्हणून गर्दीत उभं राहायची त्याला लाज वाटली असेल.” जक्कयाच्या मनापर्यंत ती पोर कुणाच्याही मदतीशिवाय पोचली.

वर्गानंतर मी त्या दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ती म्हणाली, “काकू, माझा वर्ग आजपर्यंत कुणी बघितलाच नव्हता.”

शुक्रवार, २७ जून

उद्याच्या बैठकीत संडे स्कूलच्या इतिहासावर थोडं बोलायचं आहे, म्हणून रात्री टिपणं काढली.

इंग्लंडमधलं ग्लॉस्टर, १७८०. रॉबर्ट रेक्स हा तिथला वर्तमानपत्र चालवणारा माणूस. गावातली गरिबांची मुलं आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली, रविवारी रस्त्यावर. त्या एकाच मोकळ्या दिवशी त्यांना वाचायला शिकवावं म्हणून त्यानं शाळा काढली आणि शिकवणाऱ्या बायकांना रविवारी एक शिलिंग मोल दिलं. संडे स्कूलचा जन्म असा कामगार वस्तीत झाला. हे वाचताना मला आपलं बजाजनगर समोर दिसत होतं. हे काम कारखान्यांच्या गावाचंच आहे. आणि शिकवणारीच्या वेळेला मोल आहे, हेही पहिल्या दिवसापासून मान्य झालेलं होतं.

आपल्याकडे इंडिया संडे स्कूल युनियन अलाहाबादला १८७६ मध्ये स्थापन झाली. आजची ऑल इंडिया संडे स्कूल असोसिएशन त्याच परंपरेतली. पण त्याही आधी आमच्या या नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अहिल्यानगरला, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झालं होतं आणि त्याच अमेरिकन मराठी मिशननं १८७० च्या दशकात लहान मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ नावाचं मासिक काढलं. मराठी मुलांना मराठीत, त्यांच्या वयाचं वाचायला मिळावं म्हणून त्या काळी माणसं एवढी झटली. इकडे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली. आमच्यातल्या जालन्याकडच्या दोघी बेथेलचं नाव ऐकतच मोठ्या झालेल्या.

हे सगळं टीचरांना सांगायचं ते यासाठी, की पत्र्याच्या खोलीत एकट्यानं उभं राहताना आपण एका फार लांब ओळीत उभे आहोत हे त्यांना कळावं.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी. जवळच्या छोट्या पंढरपूरला दर्शनाला लोटलेली गर्दी, नगर रस्ता माणसांनी भरलेला. आमची निम्मी मुलं पोचू शकली नाहीत. जी आली त्यांच्यात सगळी चर्चा दिंडीची. काल शाळांमध्ये मुलं विठ्ठल-रखुमाई होऊन आली होती.

मधल्या गटातल्या मुलानं टीचरला विचारलं, “माझा मित्र दिंडीत गेलाय. देव त्याच्यावर रागावेल का?” टीचरनं छान सांभाळलं. म्हणाली, “तुझा मित्र मनापासून देवाचं नाव घेत चाललाय. तू त्याच्यासाठी पाणी घेऊन गेलास तर येशूला आनंदच होईल.” वर्ग सुटल्यावर पोरं खरंच रस्त्यावर पाणी वाटायला गेली.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. आमच्या मुलांना शेजाऱ्यांच्यात राहायचं आहे, त्यांच्या डब्यातलं खायचं आहे, त्यांच्यासोबत कामाला जायचं आहे. स्वतःच्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान कसा राखायचा, हे वर्गातच शिकवलं पाहिजे. आणखी एक नियम आम्ही पक्का केला: शेजारचं कुणी मूल आमच्या मुलासोबत वर्गात आलं, तर त्याच्या आईवडिलांना भेटून, त्यांना विचारल्याशिवाय त्याला बसवायचं नाही.

शनिवार, १२ जुलै

आजचा विषय अवघड, पण तो टाळून चालणार नव्हता. मुलांची सुरक्षितता. शहरातल्या एक समाजकार्यकर्त्या ताई आल्या होत्या.

त्यांनी आधी कायदा सांगितला. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगाही आणि मुलगीही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मदतीसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

एका ताईंनी विचारलं, “आणि घरातलंच कुणी असलं तर? मंडळीतलं मोठं माणूस असलं तर?” खोली एकदम शांत झाली. समाजकार्यकर्त्या ताई म्हणाल्या, “तरीही कळवायचं. मंडळीची अब्रू मुलाच्या सुरक्षिततेपेक्षा मोठी नाही. ‘आधी आपण आपसात मिटवू’ हे वाक्य मुलाला दुसऱ्यांदा जखमी करतं.”

मूल काही सांगू लागलं तर काय करायचं, याचा आम्ही जोडीजोडीनं सराव केला. शांतपणे ऐकायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, तपास हे आपलं काम नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं नक्की म्हणायचं. आणि त्याच दिवशी पुढचं पाऊल टाकायचं.

मग वर्गाचे नियम लिहून काढले. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं. दार उघडं. छोट्यांना बाथरूमला नेताना दुसऱ्या टीचरला सांगून जायचं. मुलाला एकट्याला गाडीवरून सोडायचं नाही. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय स्टेटसला ठेवायचे नाहीत. भाऊ म्हणाले, “कंपनीत हेल्मेट, हातमोजे घातल्याशिवाय मशीनवर उभं करत नाहीत. इथं तर जिवंत लेकरं आहेत.” हे नियम फ्लेक्सवर छापून दारात लावायचे, म्हणजे आईबापांनाही वाचता येतील.

शनिवार, १९ जुलै

आज भाऊंनी एक प्रश्न आणला. त्यांच्या वर्गातला नऊ वर्षांचा मुलगा. वडील प्रेस मशीनवर कामाला. हात अडकला, दोन बोटं गेली. रविवारी मुलगा भाऊंना म्हणाला, “आम्ही रोज रात्री पप्पांसाठी प्रार्थना करतो. मग देवानं का नाही वाचवलं?” भाऊ स्वतः मशीनवर उभे राहतात. त्यांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी मुलाला जवळ घेतलं आणि वर्ग संपेपर्यंत शेजारी बसवून ठेवलं.

कुणीही घाईनं उत्तर दिलं नाही. मग नर्सताई बोलल्या. वॉर्डात ‘देवाची इच्छा’ हे शब्द ऐकून माणसं कशी मिटून जातात ते त्यांनी रोज पाहिलंय. ते शब्द मुलाला तरी ऐकवू नका, असं त्यांनी कळवळून सांगितलं. गुरुजींनी स्तोत्रसंहिता उघडली. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र तर देवाला सरळ जाब विचारतं. शास्त्रानंच तक्रारीला प्रार्थनेत जागा दिली आहे. मग त्या मुलालाही सांगता येईल, की तुझा हा प्रश्न देवाला चालतो, तू तो त्यालाच विचार, आणि मीही तुझ्याबरोबर विचारतो.

ठरलं ते असं: भाऊ आणि गुरुजी उद्या घरी जाणार. धडा शिकवायला नाही, बसायला. एका ताईंच्या नवऱ्यांना ईएसआयच्या कागदपत्रांची माहिती आहे. कामावर असताना आलेल्या अपंगत्वासाठी मिळणारा लाभ त्या कुटुंबाला मिळावा म्हणून ते अर्ज बघून देणार. मुलाच्या वर्गासाठी पुढचे दोन पाठ बदलले.

भाऊ निघताना म्हणाले, “आठवडाभर हे ओझं डोक्यावर होतं. आज झोप लागेल.” मुलांची दुःखं ऐकणाऱ्यालाही ती कुठंतरी उतरवून ठेवता आली पाहिजेत. अशी जागा नसेल तर चांगले टीचर हळूहळू आटतात, आणि लोक म्हणतात, त्यांचा उत्साह गेला.

रविवार, २७ जुलै

वर्ग आणि उपासना एकाच वेळी. त्यामुळे आपल्या टीचर कितीतरी रविवार संदेश ऐकत नाहीत, प्रभुभोजनालाही मुकतात. दुसऱ्यांच्या मुलांना भाकर वाढतात आणि स्वतः उपाशी राहतात. एक ताई गेल्या महिन्यात वर्ग सोडायच्या बेतात होत्या. नवऱ्याचं कंत्राट संपलेलं, घरी ओढाताण. त्यांचा वर्ग या महिन्यापुरता मिसनी घेतला. आज त्या उपासनेला पहिल्या ओळीत बसल्या होत्या, डोळे मिटून गात होत्या. नंतर मला म्हणाल्या, “ऑगस्टपासून घेते मी परत. सोडायचं नव्हतं हो मला, थोडा दम हवा होता.”

शनिवार, २ ऑगस्ट

आज सगळ्यांनी मिळून पाळकांना आणि मंडळ्यांच्या कमिट्यांना द्यायचं पत्र लिहिलं. मागण्या चार. नव्या टीचरनं आधी तीन महिने जुन्या टीचरच्या शेजारी बसावं, मगच वर्ग घ्यावा. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं असावीत आणि सुरक्षिततेचे नियम कमिटीनं ठराव करून मान्य करावेत. महिन्यातला एक रविवार प्रत्येक टीचरला उपासनेसाठी मोकळा मिळावा. आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात टीचरांच्या प्रशिक्षणासाठी, पुस्तकांसाठी वेगळी रक्कम असावी. पडदे, माइक आणि मंडपासाठी आपण वर्गणी काढतो. मुलांना शिकवणाऱ्यासाठीही काढता येईल.

पत्राच्या शेवटी काय लिहावं यावर चर्चा झाली. त्या बी.एस्सी.वाल्या मुलीनं सुचवलेलं सगळ्यांना पटलं. तिनं लिहिलं: आम्हाला शाबासकी नको, आम्हाला शिकायचं आहे.

ऑगस्टची वाटणी झाली. बाहेर गाड्यांवर बसणाऱ्या मोठ्या मुलांना आत कसं आणायचं, हा पुढचा विषय. नर्सताई घेणार आहेत, आणि त्यासाठी त्यांनी त्या मुलांतल्या दोघांनाच शनिवारी बोलावलंय. रांजणगावच्या एका मंडळीतल्या तिघी यायचं म्हणताहेत. आमच्या घरात आता मावणार नाही, तेव्हा बैठक पाळकसाहेबांच्या ओसरीत.